टाळेबंदी, तीन भाषा आणि आम्ही

कोरोनाच्या पहिल्या लाटेवर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. मुंबई-पुण्याच्या लेखकांनी खिडकीतून दिसणाऱ्या ओसाड रस्त्यांवर लिहिले, डॉक्टरांनी रुग्णालयातले अनुभव लिहिले, पत्रकारांनी पायी निघालेल्या मजुरांचे हाल लिहिले. ते सारे आम्ही वाचले आणि मनापासून वाचले. पण त्या लेखनात महाड-पोलादपूरकडचे मोहल्ले, उर्दू शाळा, आखातात अडकलेले बाप आणि घरातच तरावीह पढणारी माणसे क्वचितच भेटली. याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांनी पाहिले त्यांनीच ते लिहायला हवे. आम्ही जे पाहिले आणि त्या दिवसांत जे काही कागदावर उतरवले, त्याची हकीकत इथे सांगायची आहे.

आम्ही म्हणजे या दोन तालुक्यांतल्या उर्दू शाळांत शिकवणारे सहा जण. चार शिक्षक आणि दोन शिक्षिका. शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागलेले, आज सगळे तिशीत असलेले. आमच्या घरात कोकणी बोलली जाते. शाळेत उर्दू. तहसील कचेरी, बँक, एस.टी. स्टँड आणि दवाखाना या ठिकाणी मराठी. मराठी आम्हांला परकी कधीच नव्हती. बाजारात भाव करताना, एस.टी.त जागेवरून भांडताना ती आपोआप तोंडात येते. लिहायची म्हटली की मात्र ती अर्जापुरती. 'महोदय, वरील विषयास अनुसरून' पासून 'आपला विश्वासू' पर्यंतची मराठी आम्हांला तोंडपाठ होती. त्यापलीकडे मनातले काही लिहायचे तर उर्दू, आणि उर्दूत लिहायचे म्हणजे एखादी गझल, एखादी नज्म, नाहीतर स्नेहसंमेलनासाठी तकरीर. आमच्या रोजच्या जगण्यातली माणसे, म्हणजे मासळीवाली, कंडक्टर, एमआयडीसीतला कामगार, यांना त्या गझलेत जागा नसे.

तसे पाहिले तर उदाहरण फार दूर नव्हते. घाट उतरून पुढे गेले की चिपळूणजवळ मिरजोळी. तिथल्या हमीद दलवाईंनी १९६५ साली 'इंधन' ही कादंबरी लिहिली आणि कोकणातला मुसलमान मोहल्ला मराठीत आणला. त्यांच्या विचारांशी आमच्यातल्या प्रत्येकाचे पटते असे नाही, वादही होतात. पण आपल्या गल्लीतली माणसे मराठी कथेत येऊ शकतात, ती तशीच बोलू शकतात, हे त्यांनी दाखवले हे कबूल करावेच लागते. आम्ही ते वाचले होते आणि वाचून बाजूला ठेवले होते. लिहिण्याची गरज अशी आम्हांला पडली नव्हती. ती २०२० साली पडली.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये सगळे फार भराभर घडले. शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. महाडकरांच्या दृष्टीने २० मार्च हा साधा दिवस नाही. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली, हे आम्ही मुलांना दरवर्षी आवर्जून सांगतो. २०२० साली त्या दिवशी गर्दी करू नका असे सांगण्याची वेळ आली. माणसाने माणसाला शिवू नये या रूढीविरुद्ध जिथे लढा झाला, त्याच गावात चार दिवसांनी किराणा दुकानांसमोर चुन्याचे गोल आखले गेले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी लागली.

पहिले काही दिवस आम्ही शिक्षक म्हणूनच विचार करत होतो. शाळेतला पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ आणि डाळ पालकांना वाटायची होती, ती वाटली. मग अभ्यासाचे काय, हा प्रश्न आला. मोबाईलवर अभ्यास पाठवायचा म्हणजे काय, हे पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांत गेल्याशिवाय कळत नाही. घरात एक फोन, तो बापाच्या खिशात, बाप कामाच्या शोधात. रेंज हवी तर वाडीमागच्या टेपावर चढायचे. त्यात उर्दूचा आणखी एक पेच. पालकांच्या फोनमध्ये उर्दूचा कळफलक नसे. मुले उर्दू शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवत आणि त्यांना 'ऐन' आणि 'अलिफ' यांतला फरक कसा शिकवायचा, या विचाराने डोके दुखे. शेवटी आम्ही जुना मार्ग धरला. कागदावर हाताने धडा लिहायचा, त्याचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. जिथे फोटोही पोहोचत नसे तिथे रेशनच्या पोत्याबरोबर कागदच पाठवायचा. बी.एड.च्या वर्षात पाठाचे टाचण काढताना कंटाळा यायचा. त्याच टाचणाच्या वह्या आता उपयोगी आल्या. एका बाजूला मुलांचा धडा आणि कोऱ्या राहिलेल्या दुसऱ्या बाजूला, कुणी सांगितले नसतानाही, त्या दिवशी काय घडले याच्या चार ओळी. आमच्या लेखनाचा आरंभ असा झाला.

त्या चार ओळी लिहिण्यामागे आणखी एक कारण होते. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात गावातल्या एका वृद्ध नानांनी मानमोडीची गोष्ट काढली. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीला महाराष्ट्रात मानमोडी म्हणत. नानांनी ती स्वतः पाहिलेली नव्हती, आईकडून ऐकली होती. एका घरातून सकाळी एक जनाजा निघाला आणि तो पोचवून येईतो दुसरा तयार होता, इतकेच त्यांना ठाऊक होते. कुणाचे घर, कुणाचा जनाजा, खांदा कुणी दिला, मागे राहिलेली पोरे कुणी वाढवली, काही नाही. आम्ही विचारत गेलो आणि ते मान हलवत राहिले. आमच्या कब्रस्तानाच्या एका कोपऱ्यात दगड मांडलेल्या बिननावाच्या काही कबरी आहेत, त्या तेव्हाच्याच असाव्यात, असे ते म्हणाले. शंभर वर्षांत एवढी मोठी साथ आमच्या गावातून अशी पुसली गेली, कारण कुणी एक ओळ लिहून ठेवली नाही. लिहिता येणारा एखादा तरी माणूस तेव्हा गावात असेलच. त्याला ते लिहिण्यासारखे वाटले नसावे.

मार्च संपता संपता दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि वातावरण पार बदलले. वाचकांना ते दिवस आठवत असतील. टी.व्ही. लावला की एकच शब्द. रोगाला धर्म चिकटवला गेला. त्याच सुमारास, ३० मार्चला, मुंबई महापालिकेने कोरोनाने मरण पावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करावे असे परिपत्रक काढले आणि काही तासांतच ते मागे घेतले. पण तेवढ्या तासांत आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटात जो गोळा आला तो महिनाभर गेला नाही. रोगाने मरण्याची भीती होतीच. मेल्यावर माती मिळेल की नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

आमच्या मोहल्ल्यात रोज सकाळी येणारी भाजीवाली दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि पाटी उतरवून आमच्यापैकी एकाच्या अम्मीला म्हणाली, "भाभी, गावात सांगत होते, तिकडे जाऊ नको म्हणून. पण माझी उधारी राहिलीय ना तुमच्याकडं."

अम्मी म्हणाल्या, "म्हणजे उधारीसाठी आलीस होय?"

ती म्हणाली, "उधारीचं नाव केलं, म्हणून येता आलं."

अम्मींनी पैसे आणायला आत पाऊल टाकले, तर तिने हात धरून थांबवले. "आज नको. आज दिलेत तर उद्या काय सांगून येऊ?"

हा प्रसंग आमच्यातल्या एकाने त्या रात्री वहीत लिहिला. आधी उर्दूत लिहायला घेतला. पण भाजीवालीचे बोलणे उर्दूत बसेना. 'उधारीचं नाव केलं' हे वाक्य उर्दूत आणले की ती भाजीवाली न राहता एखाद्या जुन्या हवेलीतली मुलाजिमा वाटू लागे. शिवाय एक साधा प्रश्न होता. हे वाचायचे कुणी? मोहल्ल्याला हे माहीत होते. ज्यांना माहीत नव्हते त्यांना उर्दू येत नव्हती. म्हणून ते पान मराठीत लिहिले गेले. दीड पानाचा मजकूर. तो मराठी शाळेतल्या एका गुरुजींना पाठवला. निवडणुकीच्या कामात, जनगणनेच्या प्रशिक्षणात आम्ही बरोबर बसलेलो, डबा वाटून खाल्लेला. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. पानावर लाल शाईने खुणा करून त्यांनी फोटो पाठवला होता. तीन वेलांट्या, दोन अनुस्वार, एक जोडाक्षर. खाली लिहिले होते, "बाकी सगळं खरं आहे. आमच्या गटावर टाकलं तर चालेल का? पुढचं पाठवा."

ते पान तालुक्यातल्या शिक्षकांच्या गटांवर फिरले. त्यावर कडवट बोलणारेही निघाले, नाही असे नाही. पण एका मराठी शाळेतल्या बाईंनी लिहिले की त्यांची दूधवाली आणि ही भाजीवाली बहिणी शोभतील. त्यांच्या आळीत मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाचे दूध बंद करायला सांगितले होते, तेव्हा दूधवालीने असेच काही निमित्त काढले होते. एकदम लक्षात आले की संशयाची झळ आमच्या एकट्यालाच बसत नव्हती. मुंबईहून परतलेला चाकरमानी, दवाखान्यात काम करणारी नर्स, गावोगाव फिरणारी आशाताई, सगळ्यांना ती बसत होती. आमच्या वाट्याला ती धर्माच्या नावाने आली, म्हणून जास्त खोल गेली. तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता बोलून दाखवली. तो निकाल आम्ही एकमेकांना पाठवला. पण तो येईपर्यंत पाच महिने गेले होते. त्या पाच महिन्यांत आपली बाजू आपणच सांगायची होती, आणि ती समोरच्याला कळेल अशा भाषेत सांगायची होती.

यानंतर आम्ही ठरवून लिहू लागलो. नियम साधे होते. त्या दिवशी स्वतः पाहिलेले किंवा ऐकलेलेच लिहायचे. एका पानापेक्षा जास्त नाही. उपदेश नाही. शनिवारी रात्री फोनवर सगळ्यांनी एकत्र येऊन वाचायचे. मराठी गुरुजी त्यात आपणहून सामील झाले आणि आम्ही सहाचे सात झालो.

लिहायला विषय शोधावे लागले नाहीत. मुंबई-गोवा महामार्ग आमच्या दोन्ही तालुक्यांतून जातो. टोळ, दासगाव, वहूर, महाड, पोलादपूर आणि मग कशेडी घाट. घाटात रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये या रस्त्याने माणसे मुंबईहून चालत येत होती. रात्री चालायचे, दिवसा झाडाखाली किंवा बंद धाब्याच्या ओट्यावर पडायचे. कशेडीच्या नाक्यावर पास तपासला जाई. आमच्यातल्या दोघांना नोंदी करण्याचे काम लागले होते. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, ताप-खोकला आहे का. एकाला गाव विचारले तर तो म्हणाला, "साहेब, मुंबईत म्हणतात तुझं गाव खेड, तिकडे जा. खेडात फोन केला तर म्हणतात, तू मुंबईचा, तिकडेच राहा. तुम्हीच काय ते लिहा." रजिस्टरात 'खेड' लिहिले गेले. वहीत मात्र त्याचे पूर्ण वाक्य लिहिले गेले. रजिस्टर आणि वही यांतला फरक आम्हांला त्या रात्री समजला.

२५ एप्रिलला रमजान सुरू झाला. मशिदीच्या भोंग्यावरून अजान होई आणि पाठोपाठ घरीच नमाज पढण्याची सूचना. ज्या गावात साथ आहे तिथे जाऊ नये आणि आपण तिथे असलो तर बाहेर पडू नये, ही हदीस लहानपणी ऐकली होती. तिचा अर्थ आता रोज समोर दिसत होता. बाजारात मासळी नव्हती. इफ्तारला खजूर मिळाला तर मिळाला. पावसाळ्यासाठी केलेली सुक्या मासळीची आगोट महिनाभर आधीच फोडावी लागली. सुका जवळा, भाकरी आणि अंगणातल्या झाडाचा आंबा यांवर अनेक घरांची सेहरी झाली.

त्या महिन्यातले सर्वांत चांगले पान आमच्यातल्या एका शिक्षिकेने लिहिले. आमच्या भागात बायका मशिदीत जात नाहीत. तरावीहच्या वेळी पुरुष मशिदीत आणि बायका स्वयंपाकघरात, अशी वर्षानुवर्षांची वाटणी. २०२० साली पुरुषच घरी राहिले. त्यांच्या ओटीवर पलंग सरकवून चटया अंथरल्या गेल्या. घरातला हाफिज झालेला पुतण्या पुढे उभा राहिला, त्याच्यामागे पुरुषांची सफ आणि सर्वांत मागे, मधल्या दारात, दादी, सासू, जाऊ आणि ती स्वतः. दादींचे वय ऐंशीच्या पुढे. नमाज संपल्यावर त्या म्हणाल्या, "साठ वर्षं या घरात आहे. पूर्ण तरावीह पहिल्यांदा जमातीने पढले." आणि मग जरा थांबून, "तुमची बीमारी जाऊ दे. पण चटया लगेच गुंडाळू नका." ते पान वाचून झाले तेव्हा फोनवर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मराठी गुरुजींनी विचारले, "ओटी म्हणजे आमची ओटीच ना?" त्यांना वाटत होते की आमच्या घरांत तिला दुसरे काही म्हणत असतील.

याच शिक्षिकेने एकदा लेखनाच्या वेळेबद्दल सांगितले. पुरुष मंडळींना टाळेबंदीत वेळच वेळ होता. बायकांचे काम दुप्पट झाले होते. घरात सगळे जण दिवसभर, मुलांचा अभ्यास, त्यात शाळेचे ऑनलाइन काम. तिचे सारे लेखन सेहरी आटोपून फजरची अजान होईपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांत झालेले आहे. तिची वाक्ये लहान असतात, त्याचे कारण शैली नसून ती पंधरा मिनिटे आहेत, असे ती हसून म्हणाली. मोकळ्या वेळेमुळे टाळेबंदीत साहित्याला बहर आला असे कुणी म्हणते, तेव्हा आम्हांला हे आठवते.

वाचनही चालू होते. राजिंदरसिंग बेदींची 'क्वारंटीन' ही प्लेगवरची उर्दू कथा आमच्यापैकी बहुतेकांनी विद्यार्थिदशेत वाचलेली. त्या दिवसांत ती पुन्हा वाचली आणि मराठी गुरुजींना फोनवर तोंडी सांगितली. डॉक्टर रोग्यांची सेवा करतो, पण मनात सतत स्वतःच्या जिवाची भीती. भागू नावाचा सफाई कामगार मात्र कसलीच पर्वा न करता रोग्यांमध्ये वावरतो. त्याची बायको प्लेगने जाते आणि तरीही तो कामावर येतो. शेवटी साथ ओसरते, डॉक्टरचा सत्कार होतो आणि त्याचे अभिनंदन करायला भागू येतो. भागूचे नाव कुणाच्या भाषणात नसते. गुरुजींनी गोष्ट ऐकली आणि विचारले, "आपल्याकडचे भागू कोण?" त्या एका प्रश्नावर आमची पुढची आठ-दहा पाने लिहिली गेली. नगरपालिकेचे सफाई कामगार. विलगीकरणासाठी दिलेल्या शाळेचे संडास रोज धुणारी बाई. गावोगाव पायी फिरून ताप मोजणारी आशाताई. आणि कब्रस्तानात कबर खोदणारे आमचे दोन चाचा, ज्यांना त्या काळात घरच्यांनी वेगळे ताट-वाटी दिली होती आणि ज्यांनी तक्रार केली नाही. त्याच काळात मुंबईच्या बडा कब्रस्तानशी जोडलेल्या स्वयंसेवकांनी, ज्यांच्या घरचे येऊ शकले नाहीत अशा हिंदू मृतांनाही अग्नी दिल्याच्या बातम्या आल्या. त्या वाचून चाचा एवढेच म्हणाले, "मय्यत ती मय्यत."

आमच्या भागातल्या मुसलमान घरांची एक भिंत इथे असते आणि दुसरी कुवेत, दुबई किंवा सौदीत. मार्चच्या अखेरीस विमाने बंद झाली. ७ मेपासून वंदे भारत मोहिमेची विमाने सुरू झाली तरी सगळ्यांना जागा कुठून मिळणार? मे महिन्यात आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील तिकडेच कोरोनाने गेले. दफनही तिकडेच झाले. घरच्यांनी ते मोबाईलवर पाहिले, तेही अर्धवट, मध्येच रेंज गेली. मुलगा सातवीला जाणारा. मराठीच्या अभ्यासात पत्रलेखन असतेच. त्या आठवड्याच्या कागदावर 'दूर असलेल्या नातेवाइकास पत्र लिहा' असा प्रश्न होता. दोन दिवसांनी त्याचा संदेश आला, "सर, पता क्या लिखूँ?"

आमच्यातल्या ज्याला हा संदेश आला त्याने बराच वेळ विचार करून उत्तर दिले, "घराचाच लिही."

मुलाने घराचाच पत्ता लिहिला. पत्र मराठीत, सुलभभारतीच्या नमुन्याप्रमाणे, वर उजवीकडे दिनांक, खाली 'तीर्थरूप बाबांस'. मजकूर असा, की शेळी व्याली, दोन पिल्ले झाली. कौले शाकारायची राहिली आहेत, पण चाचा येऊन बघून गेले. तुमचा निळा शर्ट मला लांब होतो, अम्मीने बाह्या दुमडून दिल्या. पास झालो, परीक्षा न देता. मरणाचा उल्लेख कुठेही नव्हता. या पत्राला गुण किती द्यायचे, यावर आमची चर्चा झाली आणि गुण न देता ते वहीत जपून ठेवायचे ठरले. आम्ही सहा जणांनी त्या काळात जे लिहिले, त्या सगळ्यापेक्षा हे पत्र सरस आहे, याबद्दल आमच्यात मतभेद नाही.

२५ मेला ईद झाली. नवे कपडे नव्हते, गळाभेट नव्हती. शीरखुर्म्याचे वाडगे शेजारच्या कुंपणावर ठेवायचे, दहा पावले मागे सरायचे आणि हाक मारायची. आठ-नऊ दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ आले. सर्वांत मोठा तडाखा समुद्राकाठच्या श्रीवर्धनकडे बसला. आमच्याकडेही छपरे उडाली, झाडे पडली आणि वीज कित्येक दिवस गेली. फोन बंद पडले आणि शनिवारची बैठकही. मग वह्याच एकमेकांकडे पाठवू लागलो. जो कुणी महाडहून पोलादपूरला जाई त्याच्या पिशवीत एक वही.

२४ ऑगस्टच्या संध्याकाळी महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसे गेली. चार वर्षांचे एक मूल सुमारे एकोणीस तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाले, तेव्हा आजूबाजूला उभे असलेले सगळे रडले. त्या गर्दीत अंतर कुणी पाळले नाही, आणि कोण कुणाचा हेही कुणी विचारले नाही. एप्रिलमध्ये ज्या मोहल्ल्याकडे संशयाने पाहिले जात होते, तिथे आता सगळ्या आळ्यांतून डबे येत होते. त्या आठवड्यात आम्ही फक्त याद्या लिहिल्या. कुणाला कपडे हवेत, कुणाची औषधे ढिगाऱ्यात गेली, कुणाची शाळेची कागदपत्रे. पाच महिने लिहिण्याचा सराव झाला होता, तो याद्यांसाठी उपयोगी पडला. त्याचे दुसरे काही वर्णन आम्ही केले नाही आणि आजही करणार नाही.

आता वह्यांचे काय झाले ते सांगितले पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी महाडला महापूर आला. सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी अनेक घरांच्या पहिल्या मजल्याला लागले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसे गाडली गेली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा वेळी वह्यांचे दुःख करणे बरे दिसत नाही. चार वह्या एका घरात होत्या, त्यांचा लगदा झाला. उर्दूत लिहिलेले जवळजवळ सगळे गेले, कारण ते आम्ही स्वतःपुरते ठेवले होते. मराठीतले बरेचसे वाचले. कारण ते कुणाला ना कुणाला पाठवलेले होते. भाजीवालीचे पान मराठी गुरुजींकडे सापडले, लाल शाईच्या खुणांसह. तरावीहचे पान त्या दूधवालीवाल्या बाईंनी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले होते. आणि त्या मुलाचे पत्र त्याच्या अम्मीच्या फोनमध्ये होते.

याचा अर्थ उर्दू सोडावी असा कुणी काढू नये. उर्दू आमची रोजीरोटी आहे आणि जिव्हाळ्याची जबान आहे. गेलेल्या वह्यांपैकी जेवढे आठवते तेवढे आम्ही उर्दूत पुन्हा लिहीत आहोत. आमचे म्हणणे इतकेच, की आपले सुखदुःख शेजाऱ्याला कळावे असे वाटत असेल तर ते शेजाऱ्याच्या भाषेतही लिहिले पाहिजे. ती भाषा आपलीही आहे, हे लिहू लागल्यावरच पटते. बेदींनी भागूला उर्दूत जागा दिली, दलवाईंनी मोहल्ल्याला मराठीत दिली. आमच्यासारख्या तालुक्याच्या शिक्षकांनी निदान आपल्या गावातल्या आशाताईची आणि कबर खोदणाऱ्या चाचांची नोंद तरी ठेवावी. आणखी शंभर वर्षांनी एखाद्या नानांना कुणी विचारले, तर त्यांना मान हलवावी लागू नये.

आज आमच्यापैकी तिघे नियमाने लिहितात. एकाची बदली झाली, एक जण संसारात गुंतला, एक शिक्षिका फक्त वाचते आणि कठोर मत देते. २०२० साली तिसरी-चौथीत असलेली मुले आता नववी-दहावीत आहेत. मध्यंतरी एका वर्गाला आम्ही विचारले, टाळेबंदीतले काय आठवते ते मराठीत दहा ओळींत लिहा. आम्हांला वाटले, मास्क, भीती, बंद शाळा येईल. तेही आले. पण निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले की त्या वर्षी बाबा खूप दिवस घरी होते. एका मुलीने खाली ओळ मारून विचारले आहे, "सर, हे आनंदाचे आहे, तरी लिहिले तर चालेल का?"

चालेल, असे आम्ही वहीवर लिहून दिले आहे.